हेमंत धुमाळचा शब्द

आइंडहोवन या डच शहरातल्या त्या घरात मी पहिली फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. आम्ही त्याच दिवशी राहायला आलो होतो. खोकी अजून उघडलेली नव्हती, शेजारी कोण आहे याचा पत्ता नव्हता, आणि तो भोंगा असा ओरडत होता की अख्खी इमारत आता खाली उतरून गवतावर उभी राहणार असं मला वाटलं. माझा नवरा मंगेश खुर्चीवर चढून टॉवेल हलवत होता. लेक सई कानांवर हात दाबून "स्टॉप इट, आई!" म्हणून किंचाळत होती, जणू मीच ओरडत होते.

तेवढ्यात उघड्या दारातून एक धिप्पाड माणूस आत आला. पैलवानी खांदे, भरघोस मिशा, अंगात फुलाफुलांचा एप्रन, आणि हातात केस भिजू नयेत म्हणून अंघोळीला घालतात तसली प्लास्टिकची टोपी. त्याने मंगेशला अलगद खुर्चीवरून उतरवलं, स्वतः चढला, भोंग्याचं बटण दाबून त्याला गप्प केलं आणि वर ती टोपी ओढून बसवली.

"इथं मोहरी टाकायच्या आधी याला टोपी घालायची," तो म्हणाला. "आणि स्वैपाक झाला की आठवणीनं काढायची. नाहीतर खरीच आग लागली तर हा बापडा झोपून राहील."

मग खुर्चीवरून उतरून त्याने एप्रनला हात पुसले आणि नमस्कार केला.

"मी हेमंत धुमाळ. वरच्या मजल्यावर असतो. गाव कराड. इथं मशीन टेस्टिंगमध्ये आहे, एकटा राहतो, आणि बायल्या आहे. आधीच सांगून टाकलं म्हणजे तुम्हाला नंतर आडून आडून विचारायची दगदग नको."

मंगेशने टॉवेल खांद्यावर टाकला, परत काढला. शेवटी तो म्हणाला, "चहा घेणार?"

"घेईन की. पण मीच करतो. तुमचं आलं खोक्यात असेल, माझं किसून तयार आहे."

असा हेमंत आमच्या घरात आला, आणि मग वरच्या मजल्यावर होता तोवर रोज येतच राहिला.

त्याला पाहून लोकांचा जो गोंधळ उडायचा त्याची त्याला फार मजा वाटायची. त्याचे वडील तालमीतले. त्यांनी यालाही लहानपणी लाल मातीत उतरवला होता, आणि हा कुस्तीही बरी खेळायचा. पण आखाड्यातून घरी आला की आईशेजारी बसून भाकऱ्या थापायचा, बहिणींच्या वेण्या घालायचा, अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढायचा. बोलताना हात हलवायचा, हसताना तोंडावर तळवा धरायचा. शाळेत त्याला त्या एका शब्दाशिवाय कुणी हाक मारत नसे. कवायतीचे मास्तरसुद्धा हजेरीला "धुमाळ बायल्या" म्हणायचे.

"मग रडायचात का?" मी एकदा विचारलं.

"रडलो की, चांगला सातवीपर्यंत रडलो. मग एक दिवस मास्तर म्हणाले, 'काय रे बायल्या,' आणि माझ्या तोंडातून गेलं, 'हो सर, मग?' वहिनी, तुम्ही मास्तरांचं तोंड बघायला पाहिजे होतं. पुढचं वाक्यच नव्हतं त्यांच्याकडे! त्या दिवशी मला कळलं, की यांच्या हातात दगड तेवढा एकच आहे. तो मी काढून घेतला आणि घरी नेऊन त्याच्यावर चटणी वाटायला लागलो. अजून वाटतोय."

त्याच्या ऑफिसात त्याच्यासारख्या लोकांचा एक गट होता, तिथे सगळे स्वतःला 'क्वीअर' म्हणवून घेत. हेमंतला त्याचं काही वाकडं नव्हतं. "तो शब्दपण आधी शिवीच होता म्हणे. लोकांनी धुऊन, इस्त्री करून अंगात घातला. पण मी म्हटलं, साहेबाची शिवी धुवायची आणि आपली तेवढी घाण? मी आपली घरचीच धुतली."

मला मात्र तो शब्द कधी उच्चारता आला नाही. आमच्या घरी तो वाईट बोलण्यातच मोडायचा. मंगेश महिनाभरातच त्याला बिनदिक्कत "काय बायल्या, मटण का?" असं विचारायला लागला, आणि हेमंत त्याला "या की!" म्हणायचा. मी आपली "भाऊजी" म्हणायचे. एकदा त्याच्या ते लक्षात आलं. मला वाटलं, आता हा मला भित्री ठरवणार. तो म्हणाला, "तुमच्या जिभेला नाही ना वळत? मग नका म्हणू. भाऊजी झ्याक आहे. मला आजवर कुणी भाऊजी केलंच नव्हतं."

साथ आली आणि सगळे घरात बसले. मंगेशचं ऑफिस बेडरूममध्ये, सईची शाळा जेवणाच्या टेबलावर, माझं काम स्वैपाकघराच्या ओट्यावर. हेमंतचं मशीन मात्र घरी आणण्यासारखं नव्हतं, त्यामुळे त्याला अधूनमधून कारखान्यात जावंच लागे. बाकीच्या वेळात त्याने शिलाई मशीन काढलं. पुढे बसमध्ये मास्क सक्तीचे झाले तेव्हा अख्ख्या इमारतीला त्याने मास्क शिवून दिले. नुसते नाहीत, भरतकाम केलेले. मला आंब्याच्या कोयऱ्या, सईला ससा, मंगेशला, त्याच्या चेहऱ्यावर कधी हसू नसतं म्हणून, मोठ्ठं हसू. आणि स्वतःसाठी काळ्या कापडावर लाल रेशमाने, देवनागरीत, ठसठशीत: बायल्या.

"इथं कोण वाचणार आहे?" तो म्हणाला. "गोऱ्यांना वाटतंय काहीतरी मंत्र आहे."

पण वाचणारे भेटलेच. सुपरमार्केटात बटाट्यांपाशी एक मराठी जोडपं उभं होतं. बाईंनी हेमंतच्या तोंडाकडे पाहिलं, डोळे विस्फारले, नवऱ्याला कोपर मारलं. मी मागेच कांदे घेत होते, मला सगळं ऐकू येत होतं. "अहो, त्या माणसाला कुणीतरी फसवलंय हो. काय लिहून दिलंय बघा तोंडावर. बिचाऱ्याला माहीत नसेल. सांगा ना." नवरा नको नको म्हणत पुढे आला आणि घसा खाकरून इंग्रजीत म्हणाला, की माफ करा, पण आपल्या मास्कवर जे लिहिलंय ते फार चांगलं नाही.

"का ओ? ल्या वाकडा आलाय का?" हेमंतने मराठीत विचारलं. "तो ल्या फार छळतो बघा. दोनदा उसवला."

नवरा जागच्या जागी थिजला. बाई पुढे झाल्या, "म्हणजे... तुम्हीच भरलंय?"

"मीच. आणि मीच तो आहे, म्हणून भरलंय."

बाईंनी मान तिरकी करून, दीड मीटरचं अंतर राखून, त्या मास्ककडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "साखळी टाका इतका बारीक कसा काय काढलात?" पुढे त्या दोघांचं गाठीच्या टाक्यावर आणि काश्मिरी टाक्यावर इतका वेळ चाललं, की नवरा बिचारा बटाटे तोलून, पैसे भरून बाहेर जाऊन उभा राहिला. जाताना बाईंनी दोन मास्कांची ऑर्डर दिली. मोगऱ्याच्या कळ्यांची.

आमच्या तळमजल्यावर विली आणि रीट अशा दोन डच म्हाताऱ्या राहायच्या. विली पूर्वी बस चालवायची, रीट प्राथमिक शाळेत शिकवायची. दोघींचा संसार सईच्या आजी-आजोबांच्या संसारापेक्षा जुना. त्यांना बाहेर पडायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून हेमंत त्यांचं सामान आणून खिडकीखाली ठेवायचा, आणि मग त्या आतून, हा बाहेर गवतावरून, अशा गप्पा चालायच्या. विली मोठी तोंडाळ. पहिल्याच भेटीत तिने स्वतःच्या छातीवर थाप मारून सांगितलं होतं, "मी पॉट!" डचमध्ये पॉट म्हणजे भांडं, पण बाईवर प्रेम करणाऱ्या बाईलाही जुनी माणसं शिवी म्हणून पॉट म्हणायची. विलीने ती शिवी उचलून मिरवायला घेतली होती. हेमंत घरी येऊन नाचायचाच बाकी होता. "वहिनी, या बाईनं पण आपल्यासारखाच दगड उचललाय! ती भांडं, मी बायल्या!"

याच सुमारास अनिरुद्ध आमच्यात आला. पलीकडच्या इमारतीत राहायचा, मूळचा दादरचा, चाळिशीतला, सॉफ्टवेअरमधला. अतिशय नीटनेटका आणि अबोल. बोलला तर पूर्ण वाक्य बोलायचा, आणि ते मनातल्या मनात एकदा तपासून मगच बाहेर काढतोय असं वाटायचं. हेमंतची आणि त्याची ओळख कालव्याकाठी चालताना झाली. अंतर ठेवून, एक पायवाटेच्या या कडेने, दुसरा त्या कडेने, असे ते रोज चालायचे. महिन्याभराने अनिरुद्धने त्याला आपलं मन सांगितलं. पुढे मला आणि मंगेशलाही सांगितलं, एकाच वाक्यात: "हेमंतचं जसं आहे तसंच माझंही आहे, हे तुम्हाला माहीत असावं असं मला वाटतं." आणि लगेच वरणाला काय छान चव आलीय म्हणाला.

हेमंतला आभाळ ठेंगणं झालं. दोघांमध्ये नेमकं काय होतं ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण अनिरुद्ध यायचा असला की हेमंत मिशांना तेल लावायचा, एवढं मला दिसत होतं.

हिवाळ्याच्या तोंडावर अनिरुद्धचा वाढदिवस आला. बाहेर चारच माणसांनी जमायची परवानगी होती, लहान मुलं त्यात धरत नसत. म्हणून आम्ही तिघं मोठी, सई आणि उत्सवमूर्ती असे बागेत बाकांवर बसलो. मी गाजर हलवा केला होता. हेमंतने खिशातून एक छोटं पुडकं काढलं आणि उडी मारावी तशा उत्साहाने ते अनिरुद्धच्या पुढ्यात ठेवलं. आत मास्क होता. काळं कापड, लाल रेशीम, तोच शब्द.

"जोडी झाली आता!" हेमंत म्हणाला. "घाल की! फोटो काढूया."

अनिरुद्धने तो मास्क हातात धरला. त्याचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला. त्याने मास्कची व्यवस्थित घडी केली, परत कागदात ठेवली, पुडकं बाकावर ठेवलं. "हलवा फार छान झालाय, वहिनी," असं म्हणून उठला आणि निघून गेला. अर्धा हलवा वाटीत तसाच होता.

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. कालव्याकडे येणं बंद केलं. हेमंत आधी घाबरला, मग चिडला. आमच्या दारात उभा राहून, मास्क हनुवटीवर ओढून तावातावाने बोलायचा. "भितोय तो! शब्दाला भितोय! अहो, भीती वाटते म्हणूनच तर तो अंगात घालायचा. मी नाही का घातला? आयुष्यभर काय लपूनच बसणार आहे?"

"भाऊजी, त्यांना नसेल आवडला तो शब्द."

"पण का नसेल? कारण पाहिजे का नको?"

याचं उत्तर त्याला तळमजल्यावर मिळालं. त्या दिवशी मीही होते, विलीच्या औषधांची पिशवी घेऊन. हेमंतने आपल्या मोडक्यातोडक्या डचमध्ये खिडकीतून सगळी हकिकत सांगितली. त्याला वाटलं होतं, विली तरी आपल्या बाजूने बोलेल. विलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी रीटला कधी पॉट म्हटलेलं ऐकलंयस?"

हेमंतने खरंच ऐकलं नव्हतं. विली 'मी पॉट' म्हणायची, 'आम्ही' कधीच म्हणाली नव्हती.

"मला तो शब्द आवडत नाही," आतून रीट म्हणाली. ती विणत होती, तिने मान वर केली नाही.

"पण तुम्ही तर एवढी वर्षं एकत्र..." हेमंत म्हणाला. "का आवडत नाही?"

"कारण सांगायलाच हवं का?" रीट म्हणाली.

विली मोठ्याने हसली. "हे बघ, आम्ही एका घरात राहतो, एका पलंगावर झोपतो. पण कोट आपापला घालतो. माझा कोट तिच्या अंगावर टाकला तर ती बाहेर पडेल का? नाही पडणार. आणि तो माझा कोट चांगला नाही म्हणून नव्हे. तिला होत नाही, एवढंच."

"मग तिला काय म्हणायचं?"

"रीट," रीट म्हणाली.

हेमंत सरळ आपल्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मला दाखवलं. अनिरुद्धच्या मास्कवरचा धागा त्याने सुईने उसवून काढला होता, पण कापडावर भोकांच्या खुणा राहिल्या होत्या आणि शब्द तसाच वाचता येत होता. "हे नाही चालायचं," तो म्हणाला आणि ते कापड त्याने कचऱ्यात टाकलं. मग अनिरुद्धला निरोप पाठवला: 'मी चुकलो. मला बोलायचंय. तुला नसेल बोलायचं तर तसं सांग, मी परत विचारणार नाही.' आणि मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही चला बरोबर. मी एकटा गेलो तर बोलत सुटेन."

अनिरुद्ध आला. आम्ही तिघं कालव्याच्या काठाने चालत होतो, ते दोघं दोन कडांना, मी थोडी मागे, त्यामुळे प्रत्येक वाक्य मोठ्याने बोलावं लागत होतं. बाजूने सायकली जात होत्या. कुणालाच मराठी कळत नव्हतं हे बरं होतं.

"माझं चुकलं," हेमंत ओरडला. "मी माझा शब्द तुझ्यावर लादला. न विचारता. का आवडला नाही ते सांगू नकोस. सांगायची गरज नाही."

अनिरुद्धने एक सायकल पुढे जाऊ दिली. मग म्हणाला, "सांगतो. तू विचारत नाहीयेस, म्हणून सांगता येतंय." तो थांबला. आम्हीही थांबलो. "मी इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर होतो. जेवायला मेसमध्ये गेलो की सगळी मुलं ताटं वाजवायची आणि तो शब्द ओरडायची. तालात. मी बसेपर्यंत. वर्षभर. मग मी मेसमध्ये जायचं सोडलं, खोलीत बिस्किटं खाऊन राहायचो. मार्चमध्ये तिकडे सगळे बाल्कनीत ताटं वाजवत होते ना, आईने आमच्या सोसायटीचा व्हिडिओ पाठवला. मला तो बघवला नाही. तिला वाटलं, मला डॉक्टर-नर्सांचं काही नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "तू त्या दगडावर चटणी वाटतोस, मला खरंच कौतुक आहे. पण मला तो लागला रे, हेमंत. मला तो उचलायचा नाहीये. दुसराही कुठला नकोय. गे नको, क्वीअर नको. तुला हवे असतील तर तुला सगळे लखलाभ. मला अनिरुद्ध पुरे."

हेमंतच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मिशा भिजल्या होत्या. त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "बरं. मास्क तरी शिवून देऊ का? तुझा तो दुकानातला कानाला काचतो."

"दे."

"काय भरू त्याच्यावर?"

"काही नको. साधा निळा."

"एखादं फूल?"

"हेमंत."

"साधा निळा," हेमंत म्हणाला. शिवला तोही त्याने इतका सुरेख, की काही भरलेलं नाही हे लक्षातही यायचं नाही.

पुढच्या वर्षी निर्बंध सैल झाले आणि इथल्या मराठी मंडळींनी एका छोट्या हॉलमध्ये गणपती बसवला. सगळं जयंतराव बघायचे. माणूस उमदा, उत्साही, पण आवाजाला लगाम नाही. आम्ही मोदक करायला बसलो होतो. हेमंतच्या हातच्या कळ्या बघायला बायका भोवती जमल्या होत्या. अनिरुद्ध दारात बूट काढत होता. तेवढ्यात जयंतराव पलीकडून गरजले, "अरे वा! आता आपले दोन्ही बायले आले! द्या त्यांच्या ताब्यात सगळे मोदक!"

आपण आपुलकीने बोलतोय अशी त्यांची खात्री होती. हेमंत स्वतःला तसं म्हणवतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याच्याबरोबर कायम दिसणाऱ्या अनिरुद्धबद्दल त्यांनी मनानेच हिशेब केला होता. अनिरुद्ध एक बूट हातात धरून तसाच वाकलेला राहिला.

हेमंतने हातातली पारी खाली ठेवली. तांदळाच्या उकडीने माखलेले हात तसेच वर धरून तो उठला. आता हा पैलवान काय करतो म्हणून मी उकडीचं भांडं बाजूला ओढलं. पण तो हसला.

"जयंतराव, मोजायला चुकलात. या हॉलमध्ये बायल्या एकच. मी. तो शब्द मी माझ्यासाठी ठेवलाय. तुम्हाला वापरू देतो, पण गावभर वाटायला दिलेला नाही."

"अरे, मी प्रेमाने म्हणालो रे!"

"माहितीय की. म्हणून तर मी पण प्रेमानंच सांगतोय. नाहीतर मला धोबीपछाडपण येतो."

लोक हसले. जयंतराव ओशाळले, खालच्या आवाजात म्हणाले, "मग त्यांना काय म्हणायचं?"

"अनिरुद्ध. चारच अक्षरं आहेत. जोडाक्षर शेवटी आहे, तिथवर दम धरा, जमेल."

जयंतरावांचं मोठेपण असं, की ते सरळ दारापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "अनिरुद्ध, या. चुकून बोललो. मोदकाला बसणार ना?"

अनिरुद्धने दुसरा बूट काढून पहिल्याच्या शेजारी जुळवून ठेवला. "मला कळ्या पाडता येत नाहीत," तो म्हणाला. "नारळ खवतो." आणि त्याने खरंच सगळे नारळ खवले. हेमंत त्या दिवशी मोदकावर मोदक करत सुटला होता. कुणीतरी म्हणालं, बस करा आता, गणपतीला तरी किती चढवणार! तर म्हणाला, "त्याला कुठं कोण विचारतंय, किती खातोस म्हणून!"

साथ ओसरली तशी आमची घडीही विस्कटली. हेमंतला कापेल आन डेन आयसेल नावाच्या दूरच्या गावात नवी नोकरी लागली आणि तो तिकडे राहायला गेला. आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं. निघण्याआधीच्या रविवारी त्याने आम्हाला आपल्या नव्या घरी जेवायला बोलावलं. अनिरुद्ध आधीच येऊन बसला होता, आणि कुठली वाटी कुठल्या कप्प्यात आहे ते त्याला न विचारता माहीत होतं. तांबडा रस्सा, भाकरी, खर्डा असा बेत होता. हेमंतने कराडला आईला फोन लावून आम्हाला दाखवलं. आईंनी आमची चौकशी केली, मग अनिरुद्धला म्हणाल्या, "तू वाळलायस रे," आणि हेमंतला म्हणाल्या, "त्याला वाढ." सई भाकरी हाताने खाताना ठसका लागून लाल झाली, पण रस्सा सोडेना.

निघताना दोघं आम्हाला खालपर्यंत सोडायला आले. हेमंतने मंगेशला मिठी मारली, सईच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्यापुढे वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "भाऊजी, मी तुमच्यापेक्षा लहान आहे!" तो म्हणाला, "वहिनी वयानं मोजत नाहीत." बस आली आणि आम्ही चढलो.

ती बस त्याच्या वसाहतीला पूर्ण वळसा घालून, मागच्या अंगणावरून जायची. अंगणात हेमंतच्या शेजारच्या सुरिनामी आजी दिसल्या. त्यांचे पणजोबा कुठल्याशा जहाजातून भारतातून सुरिनामला गेलेले. या आजींबद्दल तो जेवताना बोलला होता. त्यांनी त्याला वाटेत अडवलं असावं, कारण हेमंत चपला काढून त्यांच्यासमोर उभा होता. दोघांनी हातांची कैची धरली, पाय जुळवले, मागे झुकले आणि फुगडी घालायला लागले. आजींची ओढणी उडत होती, हेमंतच्या मिशा उडत होत्या, आणि तो मोठमोठ्याने 'पिंगा, गं पोरी' का काहीतरी म्हणत असावा. काचेमुळे शब्द ऐकू येत नव्हते, तोंड तेवढं हलताना दिसत होतं. बाकावर अनिरुद्ध पायावर पाय टाकून बसला होता, आणि इतका हसत होता की त्याने चष्मा काढला होता.

त्याचं लक्ष बसकडे गेलं. त्याने आम्हाला पाहिलं आणि हात वर केला. मग हेमंतला हाक मारली असावी, पण हेमंतला कुठलं ऐकू यायला! बस वळली तेव्हा ती दोघं अजून गरागरा फिरतच होती.